लेकराचं उष्टं

पाळणाघरात तिला सगळे माऊ म्हणत. मावशी म्हणायला जीभ वळत नव्हती अशा कुठल्यातरी पोराने कधीकाळी मावशीची माऊ करून टाकली, आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. पोरांच्या आया तिला माऊ म्हणत, खालचा वॉचमन माऊ म्हणे. एवढंच काय, नवरासुद्धा लाडात आला की "काय माऊताई, आज किती पोरं झोपवली?" म्हणून फिरकी घ्यायचा. तिला राग येत नसे. स्वतःचं मूल नसलेल्या बाईला एवढी पोरं आपलं म्हणतात, त्यात रागवायचं काय?

पाळणाघर होतं एका छापखान्याच्या वर. खाली यंत्रं धडधडत, वर पोरं भोकाड पसरत, आणि मधल्या जिन्यात शाईचा आणि उकळलेल्या दुधाचा वास एकमेकांत मिसळलेला असे. तीन खोल्या होत्या. एक झोपायची, एक खेळायची, एक जेवायची, आणि रडायचं मात्र तिन्हींत. पाळणाघर चालवणाऱ्या मोठ्या बाई कडक होत्या. फार वर्षांपूर्वी तिथल्या एका पोराचं तोंड गरम पेजेने भाजलं होतं. त्या पोराच्या आईने असा काही तमाशा केला होता की मोठ्या बाईंनी त्याच दिवशी कायदा करून टाकला: प्रत्येक घास आधी आपल्या ओठाला लावायचा आणि मगच पोराच्या तोंडात घालायचा. आधी आपला ओठ, मग पोराचा. नवी मुलगी कामाला लागली की तिला बाकी काही शिकवायच्या आधी हे शिकवत.

माऊचा या कामात हातखंडा होता. अर्धवर्तुळात पोरं बसवायची, मधे आपण मांडी घालायची, आणि मग चमचा फिरायला लागायचा. वाटीतून ओठाला, ओठावरून पोराच्या तोंडात, परत वाटीत, परत ओठाला. चमचा एकच. प्रत्येकाला वेगळा चमचा घेत बसलं तर शेवटच्याचा नंबर संध्याकाळी लागेल, असं ती म्हणायची, आणि खोटं नव्हतं ते. कुणाची चोखणी जमिनीवर पडली तर नळापर्यंत धावतो कोण? आपल्या तोंडात घालून चोखायची, की झाली स्वच्छ. वाटीच्या तळाशी उरलेला मऊ भात, अर्धं चावलेलं केळं, हे सगळं तिच्याच पोटात जायचं. एखाद्या शिकलेल्या आईने नाक मुरडलंच तर माऊ हसून म्हणायची, "अहो, लेकराचं उष्टं, ते काय उष्टं?"

पोरांत एक होता लाळ्या. नुकता चालायला लागलेला, गोरागोमटा, आणि हनुवटीवरून चोवीस तास धार. त्याचं लाळेरं पिळलं तर पेला भरेल, असं मोठ्या बाई म्हणत. तो माऊशिवाय झोपत नसे. तिच्या गालाला तोंड लावायचा, तिच्या ओठांत बोटं घालायचा आणि तसाच पेंगायचा. दुपारी तो झोपला की तिचा अर्धा चेहरा ओला असायचा, आणि ती तो पुसायचीही नाही, कारण हलली की हा जागा होणार.

अशातच तिला दिवस गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती की नवसाला पावा म्हणायलाही आता कुणाला लाज वाटावी. नवरा बसच्या डेपोत फिटर. हात ग्रीसने काळे, पण बातमी ऐकली तेव्हा तेच हात त्याने डोळ्यांना लावले आणि दोन दिवस डोळ्यांखाली काळं घेऊन हिंडला. सासूबाई तर इतक्या हरखल्या की शेजारणीशी चाललेलं जुनं भांडण स्वतःहून मिटवून आल्या, निव्वळ ही बातमी सांगता यावी म्हणून.

बाळंतपणाच्या डॉक्टरांनी सूचनांची रांग लावली. जड उचलायचं नाही. कच्चं, उघड्यावरचं खायचं नाही. मांजरीची घाण काढायची नाही. आता, माऊच्या सात पिढ्यांत कुणी मांजर पाळलेलं नव्हतं, तरी तिने मान डोलावली. पण तू काम काय करतेस, असं मात्र तिला कुणी विचारलं नाही, आणि पोरांच्या लाळेबद्दल तर कुणी चकार शब्द काढला नाही. हे आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो. मांजराचं सांगता, आणि माणसाच्या पोरांचं सांगायला तोंडाला काय झालं होतं?

पहिल्या महिन्यांतच तिला कणकण आली. घसा खवखवला, मानेपाशी गाठी आल्या, अंगात त्राण राहिलं नाही. अशा अवस्थेत अंग मोडून येतंच, असं सासूबाई म्हणाल्या. मोठ्या बाई म्हणाल्या, "पोरांत वावरायचं म्हणजे सर्दीखोकला आलाच." माऊने एक दिवस रजा घेतली, गरम पाणी प्यायली, आणि दुसऱ्या दिवशी परत अर्धवर्तुळात जाऊन बसली. आठवड्याभरात बरी झाली आणि विसरूनही गेली.

मुलगी झाली. वजनाला कमी, अंगावर बारीक लाल ठिपके, थोडी पिवळी, आणि डोकं चिमुकलं. सासूबाई म्हणाल्या, "बापावर गेलीय. तोही जन्मला तेव्हा मुठीएवढा होता." आणि काय गुणी पोर! रडणं नाही, किरकिर नाही. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देई, शेजारी भिंतीत खिळे ठोकत, पण ही आपली गाढ झोपलेली. "शहाणी आहे हो माझी नात," असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटल्या, आणि त्या शहाणीचं तेच नाव झालं. माऊलाही अभिमान वाटला. इतकी पोरं वाढवून आपल्या पदरात अशी शांत पोर पडली, हे जणू तिच्या कष्टांचं फळ होतं.

दवाखान्यात जन्मल्यावर कानाची तपासणी करतात, त्यात शहाणीचे दोन्ही कान नापास झाले होते. तंत्रज्ञ मुलगी म्हणाली की कानात पाणी असेल, पुढच्या आठवड्यात परत या. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याशा जिवाला कशाला हेलपाटे?" पण माऊ गेली. यंत्राने पुन्हा तेच सांगितलं. मग शहाणीच्या तोंडात कापसाची काडी फिरवून लाळ घेतली, डोक्याचे फोटो काढले, आणि बाळांच्या डॉक्टरांनी माऊला आत बोलावलं. नवरा ड्यूटीवर होता, सासूबाई बाहेर बाकावर शहाणीला घेऊन बसल्या होत्या. माऊ एकटीच आत गेली.

डॉक्टर वयाने लहान होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. म्हणाल्या, "तिच्या लाळेत एक विषाणू सापडलाय. फार साधा विषाणू आहे हा. तुमच्याआमच्यातल्या बऱ्याच जणांना कधी ना कधी होऊन जातो, कळतसुद्धा नाही. पण गरोदरपणात, आणि त्यातही सुरुवातीला, तो पहिल्यांदा झाला तर कधीकधी पोटातल्या बाळापर्यंत पोचतो. त्याच वेळी बाळाचा मेंदू घडत असतो."

"म्हणजे काय होतं?" माऊने विचारलं.

"घर बांधताना गवंडीच आजारी पडले तर काय होईल? काही भिंती अर्ध्या राहतात, काही विटा भलत्याच जागी लागतात. मेंदूच्या पेशी एका जागी तयार होतात आणि मग आपापल्या जागी जाऊन बसतात. हा विषाणू नेमका तिथेच घुसतो. काही पेशी मरतात, काही पोचतच नाहीत. म्हणून तिचं डोकं लहान राहिलंय, म्हणून फोटोत हे पांढरे ठिपके दिसतायत." डॉक्टरांनी फोटो तिच्याकडे वळवला. "आणि कानालाही त्याचा फटका बसलाय. डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही. उजव्याने थोडं येत असावं, ते तरी टिकावं म्हणून आपण लगेच औषध सुरू करू. मान धरणं, बसणं, चालणं, बोलणं या सगळ्याला उशीर होईल. किती, ते मी आज सांगू शकत नाही."

माऊने फोटोकडे पाहिलं. काळ्यावर पांढरे ठिपके. मीठ सांडल्यासारखे दिसत होते. तिने फक्त एवढंच विचारलं, "हे आलं कुठून?"

"तुम्ही काम काय करता?"

माऊने सांगितलं. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं, आणि तेवढ्यावरूनच माऊला सगळं समजलं. मग त्यांनी हळूहळू सांगितलं की हा विषाणू लहान मुलांच्या लाळेत आणि लघवीत महिनोन् महिने असतो, मुलं ठणठणीत असतात, खेळत असतात. पण नक्की कुठून आला हे कुणीच सांगू शकत नाही, आणि स्वतःला दोष देऊ नका. दोष देऊ नका म्हणणं सोपं असतं हो. माऊच्या डोळ्यांसमोर चमचा फिरत होता.

निघताना डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "शहाणीच्या लाळेतही हा विषाणू आता बरीच वर्षं राहील. घाबरू नका, तिला दूर ठेवायची काही गरज नाही. घ्या, खेळवा. फक्त घरात कुणी गरोदर असेल तर तिने शहाणीच्या तोंडाचा मुका घेऊ नये, तिचं उष्टं खाऊ नये, लंगोट बदलल्यावर हात साबणाने धुवावेत."

बाहेर आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाल्या?" माऊ म्हणाली, "पोटात वाढ थोडी कमी झाली. औषधाने भरून येईल." खोटं बोलायची सवय नसलेली बाई, पण त्या दिवशी खोटं अगदी सरळ तोंडातून निघालं.

नवऱ्याला मात्र तिने घरी आल्यावर सगळं सांगितलं. तो पलंगाच्या कडेवर बसून ऐकत राहिला. शहाणीचा पाय हातात धरला आणि मग म्हणाला, "हे आपल्या दोघांतच राहू दे. आईला सांगशील तर ती तुला जन्मभर टोचून खाईल. आणि लोकांना लाळेचं कळलं की पोरीला कुणी शिवणार नाही. आधीच तिच्या नशिबात काय कमी आहे?" त्याचं म्हणणं तिला पटलं. कोणत्या आईला पटलं नसतं?

माऊने काम सोडलं. शहाणीला औषध द्यायचं, रक्त तपासायला न्यायचं, मानेचे व्यायाम करून घ्यायचे, यातच दिवस जायचा. एकदा औषध आणायला गेली असताना छापखान्यावरून जावं लागलं. वरच्या खिडकीच्या गजांना धरून लाळ्या उभा होता. त्याने तिला ओळखलं आणि "माऊ, माऊ" करत गज हलवायला लागला. किती दिवस तिने मनातल्या मनात त्याला शिव्या दिल्या होत्या. कुणाच्या तरी नावाने बोटं मोडायची तर याच्याच, असं ठरवून टाकलं होतं. पण ती हनुवटीवरची धार दिसली आणि तिचा सगळा राग कुठल्या कुठे पळाला. दोन-अडीच वर्षांच्या पोरावर रागावून करायचं काय? ती जिना चढून गेली. मोठ्या बाईंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. आधी म्हणाल्या, "हळू बोल, आया ऐकतील." पण दुसऱ्या दिवशी त्यांनी डझनावारी चमचे आणले आणि आपला तो जुना कायदा आपल्याच तोंडाने मोडीत काढला. तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

आता छकुलीबद्दल सांगायला हवं. छकुली म्हणजे माऊची नणंद. वय तीस, अंगाने चांगली भरलेली, एका मुलाची आई, पण घरच्यांच्या लेखी अजून छकुलीच. पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची आणि दोन गल्ल्या पलीकडे राहायची. दुकान सुटलं की रोज संध्याकाळी ती माहेरी यायची, चपला भिरकावायची आणि ओरडायची, "कुठंय माझी शहाणी?"

खरं सांगायचं तर शहाणीला मनापासून घेणारी ती एकटीच होती. शेजारणी लांबूनच हात हलवत. सासूबाई घ्यायच्या, पण आता त्यांच्या घेण्यात काळजीच जास्त असे. फिटरबाबा पोरीला असा धरायचा जणू काचेचा दिवा. छकुलीचं तसं नव्हतं. ती शहाणीला सरळ छातीवर पालथी घालायची, हनुवटी तिच्या टाळूवर टेकवायची आणि भुंग्यासारखी गुणगुणायची. ते हनुवटीतून पोरीच्या डोक्यात उतरायचं बहुतेक, कारण शहाणीचे डोळे मोठे व्हायचे आणि ती खदखदून हसायची. एरवी ती हसत नसे. मग छकुली तिच्या ओल्या तोंडाचे पटापट मुके घ्यायची, तिने चोखलेली बोटं आपल्या तोंडात घालून "खाऊ का, खाऊ का" करायची. माऊ भिंतीला टेकून हे बघत बसे. दिवसभरात तेवढाच काय तो वेळ तिचं मन हलकं व्हायचं.

आणि एका संध्याकाळी छकुली आली ती गालातल्या गालात हसत. आईच्या कानात काहीतरी कुजबुजली. सासूबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "वहिनी, तुला दुसरं भाचरू येतंय," छकुली म्हणाली, आणि शहाणीला उचलून तिच्या तोंडाचा मुका घेतला.

माऊने शहाणीला घ्यायला हात पुढे केले आणि तसेच मागे घेतले.

त्या दिवसापासून तिच्या जिवाला घोर लागला. सांगावं, तर ही शहाणीला हात लावायची बंद होईल. पोरीचं ते हसणं बंद होईल. सासूबाई उभीआडवी सोलून काढतील. आणि नाही सांगितलं, तर? त्या फोटोतले पांढरे ठिपके तिला छकुलीच्या पोटात दिसायला लागले. तिने नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "अगं, तिला कदाचित आधीच होऊन गेलं असेल. डॉक्टरच म्हणाल्या ना, बऱ्याच जणांना होऊन जातं?"

"आणि नसलं झालं तर?"

तो शहाणीचं दुपटं सारखं करायला लागला. तो वाईट माणूस नव्हता. लेकीसाठी त्याचा जीव तुटत होता, एवढंच.

मग माऊने मधली वाट काढायचा प्रयत्न केला. असल्या मधल्या वाटा कुठेच पोचत नाहीत, पण माणूस आधी त्याच धरतो. छकुली यायच्या वेळेला ती शहाणीला झोपवून ठेवायला लागली. जागी असलीच तर तोंडावर रुमाल, वर टोपडं. छकुलीने मुका घ्यायला तोंड पुढे केलं की ही म्हणायची, "अगं, तिला सर्दी आहे." कधी म्हणायची, "आधी हात धू, बाहेरून आलीयेस." एकदा तर तिने पोरगी छकुलीच्या हातातून अक्षरशः ओढून घेतली.

छकुलीचा चेहरा उतरला. "वहिनी, माझं काही चुकलं का?"

सासूबाई स्वयंपाकघरातून ताड्‌कन बाहेर आल्या. "हे काय चाललंय गं तुझं? आत्याने भाचीला घ्यायचं नाही? तिला दिवस गेलेत म्हणून तुझ्या पोटात दुखतंय की काय? तिचं पोर धडधाकट होईल म्हणून?"

हे वर्मी लागलं. कारण ते अगदीच खोटं नव्हतं. छकुलीकडे बघताना माऊच्या मनात तसं काहीतरी वळवळून गेलं होतं, आणि त्याची तिला किळस आली होती. ती मटकन खाली बसली. शहाणी मांडीवर होती. नवरा अजून डेपोतून आला नव्हता, आणि आता त्याची वाट बघण्यात अर्थ नव्हता. तिने सांगितलं. सगळं सांगितलं. चमचा, कणकण, फोटो, लाळ, डॉक्टर काय म्हणाल्या ते, आणि आपण काय लपवलं ते.

मग छकुलीने विचारलं, "हे तुला केव्हापासून माहीत आहे?"

"डॉक्टरांनी सांगितलं तेव्हापासून."

"आणि मी पोटुशी आहे हे कळून पंधरवडा होत आला." छकुली आवाज न चढवता बोलत होती. "जमेल तेव्हा मी तिचे मुके घेत होते. तू समोर बसून बघत होतीस, वहिनी."

माऊने मान खाली घातली. "तिला घ्यायला हरकत नाही गं," ती कशीबशी म्हणाली. "फक्त तोंडाचा मुका नको, हात धुवायचे, बस. डॉक्टरांनी तसं सांगितलंय." पण आता ते कोण ऐकणार? छकुली उठली, मोरीत गेली आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धूत राहिली. तोंड धुतलं, चुळा भरल्या. मग चपला घातल्या आणि कुणाकडे न बघता निघून गेली.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. माऊ वाट बघत होती, आता शिव्या येतील, आता उद्धार होईल. आलाच. "लोकांच्या पोरांची थुंकी खाल्लीस आणि स्वतःच्या पोरीला भोवली," असं त्या बोलल्या, आणि ते शब्द माऊ जन्मात विसरणार नाही. पण बोलता बोलता त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि माऊच्या मांडीवरून शहाणीला उचलून घेतलं. पोरीची लाळ त्यांच्या पदरावर ओघळली. माऊ बघत राहिली तशा त्या खेकसल्या, "बघतेस काय अशी? मला काय आता डोहाळे लागणार आहेत?"

छकुली येईनाशी झाली. डॉक्टरांकडे गेली म्हणे, पण रक्त तपासून घ्यायला नाही म्हणाली. "झालेलं असलं तरी आता काय करता येणार आहे? उगाच नऊ महिने मरत मरत कशाला काढू?" असं तिने आईला सांगितलं. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर तपासून मोकळी झाली असती, पण भीतीपुढे शहाणपण चालत नाही. सासूबाईच लेकीकडे जाऊन यायच्या. आल्या की काही बोलायच्या नाहीत, आणि माऊ विचारायची नाही. शहाणी संध्याकाळी दाराकडे तोंड करून पडलेली असे. सासूबाईंनी एकदोनदा तिच्या टाळूवर हनुवटी टेकवून गुणगुणून बघितलं, पण त्यांच्या कवळीने घोळ केला. पोरगी काही हसली नाही.

नवरा म्हणाला, "मी तुला नको सांगू म्हणालो होतो." एवढंच म्हणाला, पण तेही तिला पुरलं. ते महिने माऊने कसे काढले हे तिचं तिला ठाऊक. दिवसभर शहाणीची मान, शहाणीचं औषध, तिच्या उजव्या कानामागे लावलेलं यंत्र सांभाळायचं, आणि या सगळ्याच्या मागे सारखा एकच विचार: आपण पंधरवडाभर गप्प बसलो. तेवढ्यात काही झालं असेल तर?

छकुलीला मुलगा झाला. सासूबाई दवाखान्यातून आल्या आणि म्हणाल्या, "सुखरूप आहेत दोघं." मग पिशवीतले कपडे बाहेर काढत बसल्या. नवराही बघून आला. "छान आहे," म्हणाला आणि ताटावर बसला. कान? डोकं? माऊची विचारायला जीभ रेटेना. काही वाईट असतं तर तिच्यापासून लपवलंच असतं. आणि चांगलं असतं तरीही लपवलं असतं, हेही तिला कळत होतं. दोघांचे चेहरे वाचून वाचून ती दमली.

मग छकुलीचा निरोप आला. वहिनीला म्हणावं, शहाणीला घेऊन ये.

माऊ गेली. सासूबाई आधीच तिथे होत्या. माऊ दारातच थांबली, शहाणी खांद्यावर. पोरगी वर्षाची होऊन गेली होती, पण अजून आधाराशिवाय बसत नव्हती, मान आता कुठे सावरायला लागली होती. छकुली पलंगावर होती, रोडावलेली. शेजारी दुपट्यात तिचं बाळ झोपलेलं. "ये ना आत," छकुली म्हणाली. माऊ आत आली, पण बसली नाही.

तेवढ्यात आतल्या खोलीत छकुलीचा नवरा घडीची खाट लावत होता, तिची लोखंडी दांडी त्याच्या हातून निसटली आणि फरशीवर खणकन आपटली. बाळाचे दोन्ही हात एकदम हवेत उडाले. बोटं फाकली, तोंड वाकडं झालं, आणि त्याने असा टाहो फोडला की बाहेरच्या जिन्यात कुणीतरी थबकलं. सासूबाईंच्या ओठांवर शिवी आली होती, जावई म्हणून त्यांनी ती गिळली. माऊच्या खांद्यावर शहाणी होती तशीच होती, पडद्याकडे बघत.

"याला ऐकू येतं," माऊ म्हणाली.

छकुलीचे डोळे भरून आले. "दोन्ही कान चांगले आहेत. लाळही तपासली. काही नाही निघालं, वहिनी. जन्मला त्याच दिवशी तुला कळवायचं होतं. पण तुला काय म्हणून कळवू? तुझ्यापुढे कोणत्या तोंडाने आनंद करू?"

माऊला आनंद झाला. अगदी आतून, खरा आनंद झाला. आणि त्याच वेळी त्या किंचाळणाऱ्या पोराचा तितकाच खरा हेवा वाटला. तिने पलंगाची कड धरली आणि शहाणीला सांभाळत खाली बसली.

"रागात तुला काय काय बोलले मी मनातल्या मनात," छकुली म्हणाली. "पण तू सांगितलं नसतंस तर काय झालं असतं गं?"

"मला नव्हतं गं कुणी सांगितलं," माऊ म्हणाली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, सासूसमोर, नणंदेसमोर, आतल्या खोलीत जावई असताना, ती मोठमोठ्याने रडायला लागली.